लुगड्याचे पडदे

घराला रंग लावला की एक पंचाईत होते. भिंती नव्या होतात आणि पडदे एका रात्रीत म्हातारे दिसू लागतात. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्याकडे नेमके हेच झाले. बाजारात तयार पडदे पुष्कळ होते. मी दुकानात जाऊन किंमत विचारली, आकडा ऐकून त्या पडद्याची दुमड तेवढी बारकाईने पाहून घेतली आणि घरी परत आले. मास्तरणीच्या पगारात फराळाचे सामान, मुलाची फी आणि पडदे ही तिन्ही एका महिन्यात बसत नाहीत. आणि त्यांतली पहिली दोन टळण्यातली नाहीत.

घरात पायाचे मशीन होते. ट्रंकेत एक इरकली लुगडे होते. अडचण एवढीच, की ते आईचे होते.

"आईच्या लुगड्याला कात्री लावणार तू?" अक्का फोनवर म्हणाली. मी राहते घर विकायला काढले असावे, असा तिचा स्वर होता.

मला तिचा राग आला नाही. पण एक गोष्ट ती विसरत होती. आमच्या आईने स्वतः एकही लुगडे कधी जपून ठेवले नव्हते. नवे असताना ते सणावारी नेसायचे, मग रोज. जरा विरले की त्याची बाळंतिणीसाठी दुपटी व्हायची, नाहीतर ते गोधडीत जायचे, आणि अगदी शेवटी त्याचे हातपुसणे. कापड कपाटात ठेवून त्याकडे पाहत बसणे ही दुसरे कापड विकत घेऊ शकणाऱ्यांची चैन आहे, असे मला वाटते. शिवाय ठेवलेले कापड टिकतेच असे नाही. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले तर घडीवरच चीर जाते. हे एक लुगडे उरले, कारण ते पुरते वापरून होण्याआधी आई गेली.

मी ते दारात उजेडासमोर धरले. जुन्या कापडाची खरी परीक्षा हीच. हाताला घट्ट लागणारे कापडसुद्धा उजेडात खरे काय ते सांगते. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग चाळणीसारखा झाला होता. आईने बसून किती तांदूळ निवडले, किती शेवया केल्या, त्याचा हिशेब तिथे लागत होता. तो भाग मी वेगळा काढला. बाकीचे धड होते.

नऊ वार म्हणजे 27 फूट. आमची खिडकी 4 फूट रुंद आणि 5 फूट उंच. चुण्या नीट पडायच्या तर कापड खिडकीच्या दीडपट तरी हवे, दुप्पट असले तर उत्तम. लुगड्याचा पन्हा सुमारे 4 फूट, तेव्हा दोन तुकडे पुरे. उंचीत वर गजाच्या नेफ्याला 3 इंच, खालच्या दुमडीला 4 आणि आत मुडपायला 1, म्हणजे एकेक तुकडा 5 फूट 8 इंचांचा. हे गणित कागदावर तीनदा करावे. कादंबरीत खोडाखोड चालते, कात्रीला ती सोय नाही. काठ दोन्ही बाजूंना उभे आले, म्हणून बाजू दुमडण्याचे कामच उरले नाही.

खिडकी पश्चिमेची. जुन्या सुताला ऊन सोसत नाही, म्हणून मागे मांजरपाटाचे अस्तर दिले. मांजरपाट आधी भिजवून वाळवला, म्हणजे जे आटायचे ते आटून गेले. अस्तर फक्त वर नेफ्यात धरले आणि खाली मोकळे सोडले. मशीनला बारीक सुई लावली, टाका मात्र लांब ठेवला. विरलेल्या कापडावर दाट टाके घातले की भोकांची रांग होते आणि कापड त्याच रेघेवर फाटते. मग पडदे दोन दिवस नुसते टांगून ठेवले, कापड किती लोंबते ते पाहिले आणि मगच खालची दुमड हाताने घातली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हे मी मुलांना सांगते. मुली घाई करतात. मुलगे, का कोण जाणे, दोन दिवस थांबतात.

मांजरपाट आणि दोरा मिळून खर्च चारशे रुपयांच्या आत झाला.

पदर तेवढा कापला नव्हता. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इरकलच्या विणकरांची रीत अशी, की अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी असतो, आणि हे दोन ताणे फासात फास अडकवून एकमेकांना जोडतात. धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून जोडावरून पडदा काढू नये हे खरे. पण तो लाल पदर मी घडी करून बाजूला ठेवला तो काही एवढ्यासाठीच नव्हे.

दिवाळीत अक्का आली. पडद्यांबद्दल अवाक्षर काढले नाही. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग ती खिडकीपाशी गेली, पडद्याचे टोक उलटून तिने दुमडीवरून बोट फिरवले.

"हाताने घातलीस?"

"हो."

"बरं केलंस." आणि थोड्या वेळाने, "पदर कुठे आहे?"

मी तो आणून तिच्या हातात दिला. मांडीवर पसरून तिने वितीने तो मोजला.

"दोन अभ्रे होतील," ती म्हणाली. "एक तुझा, एक माझा."