चित्राला ‘म्हणे’ नसते

माणूस एरवी कितीही सज्जन असो, चित्र दिसले की त्याचा हात सैल सुटतो, असे माझे मत होत चालले आहे. शेजाऱ्यांच्या कुंडीतले जास्वंदीचे फूल देवासाठी तोडतानाही जो गृहस्थ इकडे तिकडे पाहून घेतो, तोच मोबाईलच्या पडद्यावरचे चित्र बोटाने दाबून धरतो आणि निर्धास्तपणे खिशात घालतो. कोणी हटकलेच तर म्हणतो, “अहो, ते नेटवरचे आहे!” जणू नेट म्हणजे गावाबाहेरचे गायरान, आणि तेथे उगवलेले सारे कोणाचेच नाही!

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी मुले प्रकल्प करून आणतात. त्यांतली चित्रे मोठी देखणी असतात. पण त्या सर्वांखाली एकाच कलावंताचे नाव असते : ‘सौजन्य – गूगल’. वारीचे छायाचित्र गूगलचे, रायगड गूगलचा, आणि राजा रविवर्म्याची सरस्वतीही गूगलचीच! एका विद्यार्थ्याला मी विचारले, “अरे, ग्रंथालयातले पुस्तक वाचून निबंध लिहिलास, तर लेखकाच्या जागी ग्रंथपालाचे नाव घालशील का?” तो हसला आणि म्हणाला, “पण सर, पुस्तकावर लेखकाचे नाव असते. चित्रावर कुठे असते?”

पोरगा बोलला ते खोटे नव्हते. आमच्या संतांना ही अडचण ठाऊक असावी. अभंग या तोंडातून त्या तोंडात जायचा. वाटेत नाव गळून पडायला कितीसा वेळ! म्हणून त्यांनी ते शेवटच्या चरणातच ओवून टाकले. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’. गाणाऱ्याने नाव गाळायचे म्हटले तर चालच लंगडी पडते. चित्राच्या पोटात असे ‘म्हणे’ नसते. त्याचे नाव असते खाली, चौकटीबाहेर. आणि कात्री पहिल्यांदा तेथेच चालते.

हे माझ्या मनाला इतके लागते, त्याला कारण आमचे नाना. माझ्या वडिलांचा मिरजेला लहानसा फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी आणि पासपोर्टचे फोटो यांवर घर चालायचे. पण रविवारी नाना कॅमेरा घेऊन सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन बसत. १९८६ साली त्यांनी तेथल्या एका म्हाताऱ्या कारागिराचे छायाचित्र काढले. दारातून आलेला उजेड, मांडीवर वाळलेला भोपळा, आणि त्यावर टिचकी मारून नाद ऐकत असलेले चाचा. नाना प्रत्येक प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवीत : कोण, कुठे, केव्हा, आणि खाली स्वतःचे नाव. नानांच्या माघारी माझ्या पुतण्याने ते छायाचित्र या चारही गोष्टींसह नेटवर ठेवले.

गेल्या वर्षी ते मला फिरत फिरत भेटले. कडा छाटलेल्या, रंग पिवळट केलेला, आणि खाली ओळ : ‘बंगालमधील एक अनाम कारागीर’. नानांचे नाव गेले त्याचे मला तितकेसे वाटले नाही. ते असते, तर “लोकांना फोटो आवडला ना?” एवढेच म्हणाले असते. पण अनाम? चाचांचे नाव आमच्या घरच्या प्रतीवर स्वच्छ लिहिलेले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव कायद्याने राखले गेले. आणि ज्या हातांनी ते नाव कमावले, ते हात असे बंगालला जाऊन बसले! चाचांचा नातू अजून त्याच गल्लीत काम करतो. त्याला मी ते दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, आजोबा कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत हो.”

ज्यांनी ते चित्र लावले होते त्यांना मी लिहिले. त्यांनी सभ्यपणे दुरुस्ती केली. पण तोवर ते आणखी किती घरी ‘अनाम’ होऊन गेले असेल, ते कोण मोजणार?

खरे तर नाव राखणे फारसे कठीण नाही. शोधाच्या पानावर दिसते ती चित्राची चिमुकली नक्कल. तिच्यावरून मूळ पानावर जावे. तेथे कर्ता कोण आणि परवानगी कसली, ते वाचावे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ असे लिहिले असेल, तर अटी पाहाव्यात. कोणी नुसते नाव मागतो, कोणाला व्यापारी वापर नको असतो, कोणाला चित्रात फेरफार केलेला खपत नाही. ‘विकिमीडिया कॉमन्स’वर तर ही माहिती प्रत्येक चित्राच्या पानावर मांडून ठेवलेली असते. आपल्याकडे चित्रकाराचा किंवा छायाचित्रकाराचा हक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. रविवर्मा १९०६ साली वारले. तेव्हा त्यांची सरस्वती खुशाल घ्यावी, फक्त ती त्यांची आहे असे सांगावे. पण चित्राखाली काहीच लिहिलेले नसेल, तर त्याचा अर्थ ‘घ्या’ असा नव्हे, ‘विचारा’ असा होतो. आणि नाव छापले म्हणजे परवानगी मिळाली, हाही एक गोड गैरसमजच.

चित्र साठवायचे ते मूळ पानावरचे, मोठ्या आकाराचे. निरोपांतून फिरत आलेली प्रत बहुधा दाबून लहान केलेली असते, आणि जेपीईजी चित्र बदल करून पुन्हा पुन्हा साठवले की दर खेपेस थोडे झिजते. फाइलला कैद्यासारखा नुसता आकडा न देता विषय, कर्ता आणि साल घालावे. मूळ पानाचा पत्ता वहीत टिपून ठेवावा. नानांची पेन्सिल हेच काम करीत होती.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात मला एक तरतूद फार आवडते. कर्त्याने आपला हक्क विकून टाकला, तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. घर विकले तरी ते बांधणारा गवंडी बदलत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघते. यंदा प्रत्येक चित्राखाली कर्त्याचे नाव आणि चित्र कोठून घेतले ते छापा, असे मी सुचवले, तेव्हा संपादक कुरकुरले, “सर, प्रत्येक चित्राखाली एक ओळ म्हणजे केवढी जागा जाईल!”

“मग अध्यक्षांच्या मनोगतातून तेवढ्या ओळी कमी करा,” मी म्हटले.

त्यांनी त्या केल्या. अध्यक्षांच्या अजून ते लक्षात आलेले नाही.