शिळफाट्यावरचे नातलग

त्या दिवशी वर्गात भारत-युरोपीय भाषाकुलाचे झाड फळ्यावर काढले होते. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडलेले संस्कृत, ग्रीक, लॅटिनचे नाते, मग १८२२ मधला ग्रिमचा ध्वनिनियम: आपल्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट'. दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ. बैलाच्या मानेवरचे जू म्हणजे तर 'योक'च!

संध्याकाळी शिळफाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना पाट्या वाचत होतो. 'टायर', 'पंक्चर' हे काही नातलग नव्हेत, ते उसनवारीचे. गंमत अशी, की अण्णा, अक्का या नात्याच्या हाका आपण घेतल्या त्या कन्नडकडून, आणि ती तर या कुळातलीच नाही.

शेजारी वर्गातली एक कातकरी विद्यार्थिनी उभी होती. आपली बोली ती वर्गात कधीच बोलत नाही. तिने हळूच विचारले, "सर, त्या झाडावर आमची बोली कुठे?"

कातकरीही भारतीय-आर्यच, इंग्रजीशी तिचे नाते मराठीइतकेच. माझी फांदी मात्र मराठीपाशीच थांबली होती. ओशाळलो. तिच्याच वहीत झाड पुन्हा काढले, एक फाटा वाढवला. नाव तिने लिहिले: काथोडी.