काकूच्या घरची धूळ

सोलापूरची धूळ मला परकी नाही. वैशाखात वावटळ उठली की सकाळी पुसलेल्या मेजावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे, इतकी माती घरात येते. त्या मातीत आमची धाकटी नऊ वर्षांची झाली. पण तिची छाती कधी भरली नाही. खोकला आणि श्वासातली ती शिट्टी सुरू होई, ती आंबा घाट उतरून साखरप्याजवळच्या आमच्या मूळ घरी गेल्यावर. जिथे शोधूनही केर सापडणार नाही अशा घरी!

काका गेल्यापासून तिथे काकू एकटीच राहते. जांभ्याच्या भिंती, वर कौले, ओटी, माजघर, आणि सणाआधी सारवलेली जमीन. हातात केरसुणी नसलेली काकू मला आठवतच नाही. मुलगी रात्री उठून बसली की ती म्हणे, "शहरातली पोर, तिला आमची हवा सोसत नाही." सगळा दोष हवेवर ढकलून आम्ही तीन दिवाळ्या काढल्या.

अखेर गेल्या वर्षी डॉक्टरांनी मुलीच्या हातावर निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचले. पंधरा-वीस मिनिटांत एकाच थेंबाखाली टपोरी गांधी उठली. तो थेंब धुळीतल्या किड्याचा होता. किडा म्हणायचा, पण आठ पायांचा, गोचिडीच्या जातकुळीतला. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. घरातल्या धुळीच्या त्रासामागे हा आहे, हे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. हा चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेला कातडीचा कोंडा खातो. बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावाच शोषून घेतो. त्यामुळे सोलापुरात त्याचे फारसे चालत नाही, आणि चार महिने पावसात भिजणाऱ्या कोकणात तो सुखाने नांदतो. राहतो कुठे? उशीत, गादीत, गोधडीत.

गोधडीत! इथे माझी पंचाईत झाली. आपल्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी काकूने धाकटीसाठी शिवली होती. तीही डोळ्यांना नीट दिसत नसताना. मुलगी तीत डोके खुपसून झोपते. मी मराठीचा मास्तर, पण "तुझ्या गोधडीने पोर आजारी पडते" हे वाक्य कसे रचावे, ते घाट उतरेपर्यंत सुचले नाही.

शेवटी ओटीवर बसून सांगून टाकले. काकू बराच वेळ सुपारी कातरत राहिली.

"माझ्या घरात किडे?"

"सगळ्यांच्याच घरात असतात, काकू."

"आणि दर वर्षी ऊन दाखवते ते?"

कडक उन्हाने किडा मरतो, पण त्याची घाण कापडातच राहते. चांगल्या कढत, ६० अंशांच्या पाण्यात धुवायला हवे, असे मी म्हणालो.

"अंश मला नको सांगूस. हात घालवणार नाही एवढे कढत ना?"

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीवर हंडा चढला. पदर खोचून काकूने काठीने गोधडी बुडवली. लाल लुगड्याचा रंग सुटून पांढऱ्या दोऱ्यावर उतरला, तेव्हा ती क्षणभर थांबली. मग पुन्हा काठी फिरवू लागली. गोधडी वाळायला दोन दिवस लागले. तोवर धाकटी नुसत्या चटईवर, उशीशिवाय झोपली. एकदाही उठली नाही.

तिसऱ्या रात्री तिला गोधडी मिळाली, उशीही मिळाली. मी जागाच होतो. पहाटे ती खोकली. अंधारातून काकूने विचारले, "कितीदा रे?"

"दोनदा."

"उशी राहिलीच की धुवायची," काकू म्हणाली, आणि उठून चूल पेटवायला गेली.