आंबेनळी उतरताना

साताऱ्याहून कोकणात सासरी जायचे तर आम्हाला आंबेनळीचा घाट आवडतो. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आणि पोलादपूर पार खाली, सावित्रीच्या काठी. मधले अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. वर धुके असते, गारवा असतो. खाली पोहोचेपर्यंत अम्मींची शाल बाजूला पडलेली असते आणि मुले खिडक्या उघडायला सांगतात.

घाट देखणा आहे, पण लाड करणारा नाही. 2018 च्या जुलैत इथेच बस दरीत कोसळून 30 जण गेले. तिथून जाताना गाडीतले बोलणे आपोआप थांबते.

आता आपल्या बऱ्याच घरांत ऑटोमॅटिक गाड्या आल्या. क्लच नसल्यामुळे आमच्या जावेनेही स्टिअरिंग हाती घेतले, हे फार चांगले झाले. पण गाडी घेताना एम, एल किंवा अधिक-उणे ही चिन्हे कशासाठी आहेत ते कोणी समजावत नाही. उतारावर डी मध्ये ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक गाड्या वरच्या गिअरमध्ये जातात आणि मोकळ्या धावतात. मग भरल्या गाडीचे सारे ओझे ब्रेकवर. सतत दाबून ब्रेक तापतात, जळका वास येतो. त्यातले तेल उकळले तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

म्हणून आम्ही उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअलवर येऊन दुसरा गिअर धरतो. अवघड वळणांच्या तीव्र उतारावर, गाडी अगदी हळू असेल तर, पहिला. इंजिन घोंघावते, अम्मी दर वेळी विचारतात, "बेटा, काही बिघडलं का?" बिघडत काही नाही. ते इंजिनच गाडीला मागे ओढून धरत असते. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला तर गाडी सहसा ऐकतच नाही. पेट्रोलही वाया जात नाही. पाय सोडलेला असताना आजच्या इंजिनांत इंधन जवळजवळ बंदच होते. उलट पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे महाभाग भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागे वाहन असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करावा. आणि ओल्या रस्त्यावर गिअर एकदम खाली आणू नये, चाके घसरतात. ब्रेक लागतातच, पण थोडे दाबून सोडायचे. समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिची.

प्रतापगडाचा फाटा वाडा कुंभरोशीला लागतो. तिथे आम्ही दहा मिनिटे थांबतो. मोठ्यांना चहा, मुलांना भाजलेले कणीस आणि ब्रेकला थोडी विश्रांती. शेजारी एखादी गाडी जळक्या वासासकट येऊन उभी राहिली की आमचे हे ड्रायव्हरशी बोलायला जातात. काहींना ते आवडत नाही. एकदा एका भाईंनी मात्र तिथेच सीटवर बसून अधिक-उणे करून पाहिले आणि मग मागे बसलेल्या बेगमना सांगितले, "आता आवाज येईल, घाबरू नका."