‘वरचे’ पैसे

उद्यमबागेत लेथवर काम करणारा माझा धाकटा भाऊ ओव्हरटाइम मिळाला की काहीतरी नवे घेऊन येतो. पगारातला रुपया मोजून खर्चणारा हा, ओव्हरटाइमचे मात्र ‘वरचे’ म्हणून उडवतो. पैसा तोच, मनातला डबा निराळा! रिचर्ड थेलर (अर्थशास्त्राचे नोबेल, २०१७) यांनी हीच सवय अभ्यासली.

पण घ्यायचे तरी कशाला? ‘‘कारखान्यात इतक्या वर्षांत कुणी ‘बरं केलंस’ म्हणालं नाही. दुकानात ‘बर्री सर’ म्हणून खुर्ची तरी देतात.’’

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते : कमी पगाराने माणूस कुरकुरतो; समाधान मिळते ते काम जमल्याचे, त्याची दखल घेतली गेल्याचे. हे मी भावजयीला सांगितले. तिने हप्त्यांचे कार्ड पुढे केले. जूनमध्ये पुतण्याची कॉलेजची फी आहे.