माझे वीस

साडेतीन वर्षं मी येईल त्याला सांगत होतो, की आमच्या सर्व्हरवरचं पान झटकन उघडतं ते माझ्या विसामुळे. इनिटसीविंड २०, म्हणजे नव्या कनेक्शनवर पोचपावतीची (अ‍ॅकची) वाट न पाहता पहिल्या झटक्यात सोडायची पॅकेटं. डिफॉल्ट राउटच्या ओळीला शेवटी जोडलेला एक शब्द आणि एक आकडा. पण तो टाकताना सराफाने काट्यावर गुंज ठेवावी तसा माझा श्वास रोखला जायचा.

गेल्या पावसाळ्यात हाताखाली आलेल्या मुलीने विचारलं, "सर, वीस कुठेय? मला दहाच दिसतायत."

मी चालू कनेक्शनांची यादी काढली. सीविंड ८४, सीविंड ६१. "हे काय मग?"

"ही वाढलेली आहेत, सर. नवं कनेक्शन बघू या ना."

तिने टीसीपीडंप लावला आणि परदेशातल्या मशीनवरून पान मागवलं. जाऊन-येऊन पाव सेकंदाचं अंतर. पॅकेटागणिक एक अशा ओळी धडाधड उमटल्या. तिने बोटावर मोजल्या. दहा. मग पहिली अ‍ॅक येईपर्यंत सगळं गप्प. दहा म्हणजे लिनक्सने २०११पासून सगळ्यांना फुकट दिलेला आकडा. माझा वीस डीएचसीपीने कधीतरी राउट नव्याने लिहिताना उडवला होता. कधी, ते देव जाणे.

आमचं पान साठ हजार बाइटांचं, म्हणजे १४६० च्या हिशेबाने ४२ पॅकेटं. दहापासून दुप्पट होत गेलं तर तीन फेऱ्या, विसापासून दोन. वाचते ती एकच फेरी. आणि ते वाचलेलं पाव सेकंद मला डोळ्यांनी दिसतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं!

वीस पुन्हा बसवले, या वेळी राउट बदलला तरी टिकतील असे. आणि खरी पीडा तिथून सुरू झाली. फायबरवर छान, पण लाइन बारीक असली, की एकदम आलेल्या विसांतली शेवटची दोन-तीन राउटरच्या रांगेत मावत नाहीत. मधलं पॅकेट पडलं तर मागून येणारी बोंब मारतात. शेवटच्यांच्या मागची पुढच्या फेरीतच येतात. तोवर बसून राहायचं, आणि पडलेली पुन्हा पाठवायला आणखी एक फेरी. वाचवलेलं पाव सेकंद त्यात कुठल्या कुठे जातं. मग १६ केले, १४, १२, परत १६. नेटएमवर मुद्दाम उशीर लावायचा, रांग आखूड करायची, मोजायचं. घरी जेवताना बायकोने विचारलं, "पोळी वाढू?" मी म्हणालो, "चौदा."

हल्ली कुठूनतरी ओळ उचलून बत्तीस डकवणारे पाहिले की डोकं फिरतं. आपलं पान आधी उघडलं पाहिजे, रस्ता तुंबला तर तुंबो! १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला इंटरनेटचा वेग तुंबल्यामुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसनने एका पॅकेटपासून सुरुवात करायला लावली, ती काय हौस म्हणून? अर्थात त्या बत्तीसवाल्यांचा राग येतो त्यात त्यांची पानं माझ्याआधी उघडतात, हाही भाग आहे.

महिनाभराने मी तो शब्दच ओळीतून काढला. कर्नलचे दहा.

ग्राहकांना देतो त्या माहितीपत्रकात मात्र 'खास जुळवणी : २०' अजून तसंच आहे. मुलीने दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी चहा मागवला.