विषयवारीकडून रुमालाकडे

जुने कागद विषयवार लावले पाहिजेत, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. लढायांचे कागद एकीकडे, महसुलाचे दुसरीकडे, घरगुती पत्रे तिसरीकडे. त्यांतले महत्त्वाचे निवडून छापावेत आणि रोजचा जमाखर्च मागच्या फडताळात ठेवावा. आज मी नेमके उलट मानतो. दप्तर ज्या क्रमाने हाती आले त्याच क्रमाने राहावे, एकही कागद त्याच्या रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून, हलू नये.

पहिल्या मताला आधार होता. १८१८ मध्ये पेशवे दप्तर कंपनी सरकारकडे गेले. पुढे दीर्घकाळ त्याचा उपयोग मुख्यतः इनामे-वतने तपासण्यासाठीच झाला. अभ्यासकांना ते सहजी पाहायला मिळत नसे. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते वाचकांपर्यंत पोचले. मी इतिहास वाचायला शिकलो तो याच खंडांवर. ते ऋण मी आजही मानतो.

मत पालटले ते तारखांपायी. अठराव्या शतकातल्या कितीतरी मोडी पत्रांवर ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे दिवसाचा आकडा आणि मुसलमानी महिना, एवढेच असते, साल नसते. ‘छ १२ रजब’ तर दर वर्षी येतो. मजकुरात एखाद्या स्वारीचा उल्लेख असला तर निभावते. नसला, तर त्या पत्राच्या वर-खाली कोणते कागद होते, यावरच सारी भिस्त. शेजारच्या वैरणीच्या हिशेबावर शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कालगणनेतले साल, असतो आणि त्यावरून पत्राचे साल ठरवता येते. विषयवार मांडणीत हा शेजार तुटतो, आणि तो कुठे नोंदलेला नसेल तर पुन्हा जुळत नाही.

निवडीचेही तसेच. छावणीतला सरदार लिहितो, फौजेला फाके पडताहेत, पैसा पाठवा. असे पत्र कोणीही निवडील. पण पैसा खरोखर निघाला का, हे रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सांगते, आणि ती रुक्ष म्हणून मागे राहते. मग आपल्याला मागणी ठाऊक होते, पुरवठा नाही. आणि तेवढ्यावर आपण पुण्याच्या कारभाऱ्यांना दोषी ठरवतो.

कागद ज्या कचेरीत तयार झाले तिच्या नावे एकत्र ठेवावेत, हा नियम फ्रान्सने १८४१ मध्येच घातला होता. मुलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये दप्तराचा मूळ क्रम जपण्याचे शास्त्र ग्रंथात मांडले. त्याच वर्षी इकडे वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या काळी आपल्याकडे कागद वाचवणे हीच पहिली निकड होती.

पेशवे दप्तराचीही इंग्रजी अमदानीत फेरमांडणी झाली. मूळ क्रम सर्वत्र उरलेला नाही. म्हणूनच उरला आहे तो जपायला हवा. कागदांचे स्कॅनिंग करताना प्रत्येक प्रतिमेसोबत रुमालाचा क्रमांक आणि त्यातली कागदाची जागा नोंदवावी. विषय शोधायला सूची आहेच. तीत एका कागदाला दहा विषय लावता येतात, कागद न हलवता. आणि ज्या घराण्यांकडे अजून दप्तरे आहेत, त्यांनी ती संस्थांना देताना ‘महत्त्वाचे’ वेगळे काढू नये. फाटक्या हिशेबांसकट सगळे द्यावे. पुढचा अभ्यासक कोणता प्रश्न घेऊन येईल, हे आज आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.